शिकविले, पण शिकले का?

नव्या कामगाराला काम समजावून सांगितले, एकदा करून दाखविले, की प्रशिक्षण संपले, असा समज अनेक कारखान्यांत व कार्यालयांत रूढ आहे. पुढे चूक झाली, की खापर फुटते ते कामगाराच्या माथ्यावर. अमेरिकेतील ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या उपक्रमाने मात्र ही जबाबदारी शिकविणाऱ्यावर टाकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीची मागणी प्रचंड वाढली आणि कुशल कामगार अपुरे पडू लागले. अननुभवी माणसांना अल्पावधीत तयार करण्यासाठी १९४० मध्ये हा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणी कामगारांसाठी चार्ल्स अ‍ॅलन यांनी वापरलेली चार पायऱ्यांची पद्धत त्याला आधारभूत होती. १९४५ पर्यंत तो १६ हजारांहून अधिक कारखान्यांत पोहोचला.

गाठीचा धडा

पर्यवेक्षकांसाठी दहा तासांचा वर्ग असे; दोन तासांची पाच सत्रे आणि सुमारे दहा जणांचा गट. विजेच्या वायरीला ताण बसून जोडणी निखळू नये म्हणून मारावयाची गाठ हा पहिला धडा. प्रशिक्षक ती आधी केवळ तोंडी सांगत. कोणालाच जमत नसे. मग न बोलता करून दाखवीत. तरीही जमत नसे. नुसते सांगणे आणि नुसते दाखविणे या दोन्हींची मर्यादा पर्यवेक्षकांना अशी स्वतःच उमगे. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या विभागातील एखादे काम आणून ते वर्गातच दुसऱ्याला शिकवायचे असे.

चार पायऱ्या

० पूर्वतयारी : शिकणाऱ्याची भीड घालवावी, त्याला आधीच काय येते ते जाणून घ्यावे.

० सादरीकरण : एका वेळी एकच टप्पा सांगावा, दाखवावा व त्यातील कळीचा मुद्दा ठसवावा. त्यासाठी कामाचे टप्पे आधी कागदावर मांडलेले असावेत.

० प्रत्यक्ष कृती : शिकणाऱ्याने काम करावे, चूक तेथेच दुरुस्त व्हावी. पुन्हा करताना कळीचे मुद्दे त्यानेच बोलून दाखवावेत. काम त्याला येते याची खात्री प्रशिक्षकाला पटेपर्यंत हे चालू राहावे.

० पाठपुरावा : त्याला स्वतंत्र काम द्यावे, अडल्यास कोणाला विचारायचे ते सांगावे, प्रश्नांना उत्तेजन देत देखरेख हळूहळू कमी करावी.

यातील तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा तीच गाळली जाते. ‘समजले ना?’ या प्रश्नाला संकोचापोटी होकारच मिळतो. हातून घडलेली कृती आणि तिचे स्वतःच्या शब्दांत दिलेले कारण मात्र फसवीत नाही.

युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली. १९५० च्या दशकात टोयोटाने ती स्वीकारली. प्रशिक्षणाचा आराखडा आखताना आजही एक साधी कसोटी पुरते : ठरलेल्या वेळातील किती वेळ प्रशिक्षक बोलणार आणि किती वेळ शिकणाऱ्याचे हात चालणार?