शाळेंतला गोलंदाज कीं कॉलेजांतला?

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाचे वडील संध्याकाळीं माझ्या घरीं आले. मुलगा दहावींत होता. चेंडू असा वेगानें टाकी कीं, शाळेच्या मैदानावर यष्टीमागें उभें राहण्यास कोणी धजत नसे. मोठ्या शहरांतील एका शिक्षणवर्गाचें त्यास बोलावणें आलें होतें. वडिलांनीं विचारलें, "सर, आतांच पाठवूं, कीं आधीं कॉलेज होऊं द्यावें?" मीं फारसा विचार न करतां "पाठवा" म्हणून सांगितलें. तो प्रश्न मात्र माझ्या मनांतून गेला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर क्रिकेटचा इतिहास मीं त्या एकाच दृष्टीनें वाचला, त्यांतील कांहीं भाग आज आपणांपुढें ठेवीत आहें.

फलंदाजाची उमेदवारी लवकर सुरू झाल्यास फारसें बिघडत नाहीं. गोलंदाजाचें तसें नाहीं. खांदा, पाठ व गुडघा हीं त्याचीं हत्यारें. आणि सोळाव्या-सतराव्या वर्षीं तीं अद्याप घडतच असतात.

पूर्वीं आपल्याकडे वाट ठरलेली असे. मुंबईच्या शाळांसाठीं हॅरिस शील्ड व जाइल्स शील्ड, आणि विद्यापीठांसाठीं १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडक. आपल्या सोलापुरांत २८ मार्च १९२६ रोजीं जन्मलेले पॉली उम्रीगर याच वाटेनें गेले. ते मुंबई विद्यापीठाचे कर्णधार होते. १९४८ सालीं संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनीं वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या, आणि त्याच दौऱ्यांत त्यांना कसोटी सामना मिळाला. ते मुख्यतः फलंदाज; तथापि कसोटींत ३५ बळीहि त्यांच्या नांवावर आहेत.

ही वाट सर्वांना खुली नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. पाळवणकर बाळू यांच्या वांट्याला ना विद्यापीठ आलें, ना करंडक. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबांत मैदानाची निगा राखावी आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकावे, हेंच त्यांचें शिक्षण. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले, तेव्हां त्यांनीं पस्तिशी गांठली होती.

आतां रमाकांत देसाई यांचें पाहा. १९५८-५९ च्या हंगामांत रणजी करंडकांत पहिलें पाऊल टाकतांच ५० बळी! लागलीच फेब्रुवारी १९५९ मध्यें दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. वय १९, बांधा ठेंगणा व सडपातळ. वेगवान गोलंदाजांचा आपल्याकडे दुष्काळ, म्हणून एका डावांत त्यांना ४९ षटकें टाकावीं लागलीं. ४ बळी मिळाले, १६९ धावा गेल्या. हा आंकडा आज वाचतांनाहि अंगावर कांटा येतो. २८ कसोट्यांत ७४ बळी घेऊन वयाच्या २८ व्या वर्षीं त्यांची कसोटी कारकीर्द संपली. एरवीं वेगवान गोलंदाज त्या वयांत भर जोमांत असतो.

फिरकी गोलंदाजाच्या अंगावर इतका ताण पडत नाहीं. पण त्याच्या मनावर पडतो. लक्ष्मण शिवरामकृष्णन एप्रिल १९८३ मध्यें सतराव्या वर्षीं कसोटी खेळले. १९८४ च्या अखेरीस मुंबईंत इंग्लंडचे १२ गडी त्यांनीं एकाच सामन्यांत बाद केले, तेव्हां सारा देश त्यांच्या नांवाचा जप करीत होता. जानेवारी १९८६ मध्यें, विसावें वर्ष नुकतेंच पुरें झालें असतां, ते शेवटची कसोटी खेळले. एकंदर ९ कसोट्या, २६ बळी.

याउलट एरापल्ली प्रसन्न. १९६२ सालीं कसोटींत आले, वेस्ट इंडीजचा दौराहि केला. आणि मग इंजिनियरिंग पुरें करण्यासाठीं क्रिकेट बाजूस ठेवून निघून गेले! पुन्हां कसोटी खेळले तें १९६७ सालीं. मधलीं पांच वर्षें फुकट गेलीं असें कोणी म्हणेल. पण परत आलेला गोलंदाज हा पिकलेला होता. ४९ कसोट्यांत त्यांनीं १८९ बळी घेतले. कॉलेजानें त्यांना फिरकी शिकविली नाहीं, हें उघड आहे. कॉलेजानें वेळ दिला, आणि हात चालेनासा झाला तरी पोट चालेल अशी हमी दिली. अशा मुलास "थांबा" म्हणण्याचें बळ येतें. अनिल कुंबळे यांनींहि एकोणिसाव्या वर्षीं कसोटी खेळून पुढें इंजिनियरिंगची पदवी पुरी केली. त्यांचे ६१९ बळी आपण जाणतांच.

अमेरिकेंत बेसबॉल खेळतात. त्यांतील चेंडू फेंकणाऱ्या गड्यास पिचर म्हणतात. तेथें १९६५ पासून धंदेवाईक संघ होतकरू मुलांची क्रमवार निवड करतात. शाळेंतून निवडलेला मुलगा नकार देऊन चार वर्षांच्या कॉलेजांत गेला, तर तिसरें वर्ष पुरें होईपर्यंत किंवा वय २१ होईपर्यंत त्यास पुन्हां निवडतां येत नाहीं. १९७३ सालीं डेव्हिड क्लाइड नांवाचा अठरा वर्षांचा पिचर टेक्सासच्या संघानें सर्वांत प्रथम निवडला, आणि महिना लोटला नाहीं तोंच मोठ्या सामन्यांत उतरविला. संघाची तिकिटें खपत नव्हतीं. त्या दिवशीं मैदान भरलें. चोविसाव्या वर्षीं तो त्या पातळीवरून कायमचा दूर झाला. शाळेंतला उजव्या हाताचा पिचर पहिल्या क्रमांकानें निवडण्याचें धाडस २०२५ पर्यंत एकाहि संघानें केलें नाहीं. संघाचा पैसा बुडतो, म्हणून संघ जपतात. मुलाचीं वर्षें बुडतात, तीं कोणाच्या हिशेबांत धरावयाचीं?

पण नियम म्हणावा तर श्रीरामपूरचे झहीर खान आडवे येतात. त्यांनीं इंजिनियरिंगचा नाद सोडला, गोलंदाजीच धरली, २००० सालीं बाविसाव्या वर्षीं कसोटींत आले आणि ३११ बळी घेऊन निवृत्त झाले. म्हणून त्या वडिलांना आज मी "पाठवूं नका" असेंहि सांगणार नाहीं. पाठीला विश्रांति कोण देणार, आणि अकरावीचा प्रवेश राखून ठेवणार काय, एवढें आधीं विचारा, असें सांगेन. तेव्हां मला तें सुचलें नाहीं.

तो मुलगा दोन वर्षांनीं पाठीच्या हाडाला चीर पडून परत आला. धाकट्या भावाच्या बरोबरीनें अकरावीस बसला, पुढें बी. कॉम. झाला, आणि आतां चादरींच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. रविवारीं सकाळीं तो गल्लींतल्या मुलांना गोलंदाजी शिकवितो. मी कधीं कधीं पाहावयास जातों. सहा षटकें झालीं कीं, मुलानें कितीहि हट्ट केला तरी, तो त्याच्या हातून चेंडू काढून घेतो.