तळटीप १४ : ‘नारळीकरांच्या घरचं गणित’

१४. अकोल्याचे मास्तर अमरावतीहून सुटीला आलेल्या भाच्याला हा टोमणा मारतात. हे घराणं वऱ्हाडातलं नव्हे, कोल्हापूरचं. विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजचे रँग्लर. १९३२पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. पुत्र जयंत १९५९ साली केंब्रिजचाच रँग्लर. पण मास्तरांचा रोख, माझ्या मते, जयंतरावांच्या आजोळाकडे आहे. बनारसला बहिणीकडे राहून शिकणारे मोरूमामा हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित मांडून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, पुसायचं नाही! दुसरे मामा वसंत शंकर हुजूरबाजार हे नामवंत संख्याशास्त्रज्ञ. पुणे विद्यापीठातला त्या विषयाचा विभाग त्यांनीच उभारला. त्यांच्या दोन्ही मुलीही संख्याशास्त्रातच. जयंतरावांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी संख्यासिद्धांतात संशोधन केलं, ‘गणितगप्पा’ त्यांचंच. मास्तरांना मात्र त्या आठवत नाहीत, हे त्यांच्या पिढीला धरूनच झालं. दुसरीच्या मुलांना ‘सत्तावन्न’बरोबर ‘पन्नास सात’ही शिकवावं, या २०१९च्या बदलाची बाजू मंगलाताईंनीच लावून धरली होती. तो वाद थेट विधानसभेत गाजला. (संपा.)