औषधनिर्माता आणि क्षयोपचार, मुंबई

क्षयरोग्यासाठी डॉक्टर, पालिकेचा क्षयरोग विभाग आणि नाक्यावरचा केमिस्ट, म्हणजे औषधनिर्माता, मिळून करतात ते काम. गोळ्या देणे हा त्यातला एक भाग. जुनाट खोकल्याच्या माणसाला तपासणीकडे वळवणे, मधेच औषध सोडू न देणे, त्रास झाल्यास डॉक्टरांना कळवणे आणि रुग्णाची नोंद शासनापर्यंत पोचवणे हेही त्यात येते.

शिवडीचे पालिकेचे टीबी रुग्णालय लालबाग-परळपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही चाळीत खोकणारा माणूस पुष्कळदा आधी मेडिकलमध्ये जातो आणि उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला तिथेच परततो. डॉक्टरांपेक्षा केमिस्टला तो जास्त वेळा दिसतो.

मुंबईत क्षयोपचारातला गोंधळ डॉक्टरांच्या चिठ्ठीपासूनच होता. १९९१ च्या एका अभ्यासात १०० खासगी डॉक्टरांनी क्षयावर ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या. धारावीतील डॉक्टरांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १०६ पैकी फक्त ६ जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. चुकीची मात्रा किंवा अपुरी औषधे म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाला आमंत्रण. म्हणूनच शंका येताच डॉक्टरांना फोन लावणारा औषधनिर्माता हवा आणि तो फोन मनावर घेणारा डॉक्टरही हवा.

इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईतील केमिस्टांना 'डॉट्स'चे, म्हणजे देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण दिले; रुग्ण दुकानात येऊन त्यांच्यासमोर गोळ्या घेऊ लागले. २०१४ मध्ये 'पाथ' संस्थेने पालिकेसोबत आणखी मोठी साखळी उभारली. खासगी डॉक्टरने निदान केले की रुग्णाला व्हाउचर मिळे, ते दाखवल्यावर ठरलेला केमिस्ट फुकट औषध देई आणि त्याचे पैसे त्याला नंतर चुकते होत. डॉक्टर बदलावा लागत नव्हता, खिशाला चाटही बसत नव्हती. या शहरातला हा सर्वांत शहाणा प्रयोग म्हणावा लागेल, कारण त्यात कोणालाच आपला धंदा सोडून सेवा करायला सांगितले नव्हते.

कायद्याचीही जोड मिळाली. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे औषधविक्रीच्या नियमांतील 'एच-१' अनुसूचीत आली. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. २०१८ मध्ये क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवण्याची जबाबदारी केमिस्टांवरही आली.

उणिवा मात्र उघड आहेत. मुंबई, दिल्ली आणि पाटणा येथील ६२२ दुकानांत प्रशिक्षित 'रुग्ण' पाठवून केलेला अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. नुसता खोकला-ताप सांगणाऱ्याला योग्य मार्गदर्शन १३ टक्के वेळाच मिळाले; थुंकीचा अहवाल हातात असणाऱ्याला ६२ टक्के वेळा. पण चिठ्ठीशिवाय क्षयाची मुख्य औषधे एकाही दुकानाने दिली नाहीत, हे केमिस्टांच्या बाजूने ठळकपणे नोंदवायला हवे.

समुपदेशनात सांगायच्या गोष्टी साध्या, पण उपचार टिकवणाऱ्या असतात: रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नये, याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, इथाम्ब्युटॉल चालू असताना नजर धूसर झाली किंवा आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना गाठावे. औषधांच्या अशा दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या २००४-०५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात परळचे के.ई.एम. रुग्णालय विभागीय केंद्र होते. २०१० पासूनच्या नव्या कार्यक्रमात संशयित दुष्परिणामाचा अर्ज डॉक्टरांप्रमाणे औषधनिर्मात्यालाही भरता येतो.