नाव पुसलेले ट्रान्झिस्टर

मराठीत ‘ट्रान्झिस्टर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कातडी पिशवीतला, खांद्याला अडकवायचा रेडिओ. खरं तर हे नाव त्या रेडिओच्या पोटातल्या, शेंगदाण्याएवढ्या एका भागाचं. भागाचं नाव आपण अख्ख्या यंत्राला देऊन टाकलं, आणि आज तेच यंत्र उघडलं की त्या भागाचं नाव काही सापडत नाही!

जुने रेडिओ दुरुस्त करणं हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. येणाऱ्या माणसाच्या हातातला रेडिओ बहुधा वडिलांचा नाहीतर आजोबांचा असतो. त्याला नवा नको असतो, हाच बोलायला हवा असतो. आणि घोडं पुष्कळदा एकाच जागी अडतं. आतला एक ट्रान्झिस्टर गेलेला असतो आणि तो कोण होता याचा पत्ता नसतो.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. त्याआधीचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. युरोपात फिलिप्स आणि मुलार्ड या कंपन्यांकडे व्हॉल्व्हना नावं देण्याची एक रीत होती. पहिलं अक्षर आतली तार तापवायला किती विजेचा दाब लागतो ते सांगायचं. ट्रान्झिस्टरमध्ये तापवायची तारच नाही, म्हणून तिथे शून्याचा ‘ओ’ आला. तीन टोकांच्या व्हॉल्व्हसाठी ‘सी’ हे अक्षर होतंच. अशा रीतीने नव्या बाळाला जुन्या घराण्याचं आडनाव लागलं: ओसी ७१, ओसी ७२, ओसी ४४, ओसी ४५. अमेरिकेत ‘२एन’ लिहून पुढे नोंदणीचा आकडा टाकत, त्यावरून कामाचा काही बोध होत नाही. जपानी पद्धतीत ‘२एसए’, ‘२एसबी’, ‘२एससी’, ‘२एसडी’ असे गट होते. पण सुरुवातीचं ‘२एस’ अंगावर छापायचा पुष्कळदा कंटाळा. युरोपात १९६६ पासून प्रो इलेक्ट्रॉन या संस्थेने शिस्त लावली. ‘ए’ म्हणजे जर्मेनियम, ‘बी’ म्हणजे सिलिकॉन. पुढचं ‘सी’ आवाजाच्या कामाचं, ‘एफ’ रेडिओलहरींच्या कामाचं. एसी १२८, एएफ ११७, बीसी १४८ ही नावं जुन्या मेकॅनिक मंडळींना तोंडपाठ असत.

मग नाव हरवतं कुठे? एक तर ते पुसतं. ओसी ७१ ची कुपी काचेची, वरून काळा रंग, आणि आकडा त्या रंगावर छापलेला. रंगाचे पोपडे निघाले की आकडाही जातो. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. रंग गेलेल्या ओसी ७१ वर उजेड पडला की त्यातून वाहणारी वीज वाढते. प्रकाशाच्या कामासाठी मुलार्ड ‘ओसीपी ७१’ हा वेगळा आणि महागडा प्रकार विकत असे. हौशी मंडळींनी साध्या ओसी ७१ चा रंग खरवडून तेच काम स्वस्तात करून घेतलं. पुढे कंपनीने कुपीत अपारदर्शक लगदा भरायला सुरुवात केली. असा उघडा पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओत असला, तर ट्यूबलाइटखाली तो गुणगुणतो आणि अंधारात गप्प होतो.

दुसरं कारण कारखान्यांचं. मोठे कारखानदार नेहमीच्याच ट्रान्झिस्टरवर स्वतःचा घरगुती आकडा छापून घेत. अमेरिकेतल्या झेनिथच्या रेडिओत १२१ ने सुरू होणारे आकडे दिसतात, ते झेनिथच्याच यादीतले. ब्रिटिश सैन्याच्या सामानावर ‘सीव्ही’ आकडे असतात.

आणि तिसरं कारण, मला सर्वांत रंजक वाटणारं. जर्मेनियमच्या त्या काळात एकाच घाण्यातून निघालेला माल एकसारखा नसायचाच. आधी बनवायचं, मग मोजायचं आणि मग प्रत ठरवायची. कुठल्याच प्रतीत न बसलेला माल ब्रिटनमध्ये रंगाचा ठिपका लावून हौशी लोकांना स्वस्तात विकला जाई. लाल ठिपका आवाजासाठी, पांढरा रेडिओलहरींसाठी. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने नाकारलेले ट्रान्झिस्टर घाऊक घेतले, तपासले आणि ‘मॅट १००’, ‘मॅट १२०’ अशी नवी नावं देऊन विकले. म्हणजे ज्या नावासाठी आपण जीव टाकतो, ते मुळातच मोजमापानंतर चिकटवलेलं लेबल होतं. तेव्हा नाव नसलं तरी मोजमाप पुन्हा करता येतं.

त्यासाठी मी आधी ट्रान्झिस्टर कुठे बसलाय ते पाहतो. सहा ट्रान्झिस्टरच्या नेहमीच्या रेडिओत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गँग कंडेन्सर आणि फेराइटच्या कांडीजवळचा पहिला. पत्र्याच्या चौकोनी आयएफ डब्यांच्या सोबतीला असलेले पुढचे दोन. नंतर आवाज वाढवणारा एक आणि स्पीकरकडच्या ट्रान्सफॉर्मरजवळची जोडी. पहिल्याचं काम सर्वांत कठीण. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं. ते ऐकायला ४५५ च्या आयएफ रेडिओत या ट्रान्झिस्टरने १,२४७ किलोहर्ट्झची स्वतःची लहर निर्माण करावी लागते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला तर दोन हजारांच्या पुढे. ओसी ७१ काही शे किलोहर्ट्झपर्यंतच दमतो. तो इथे बसवला तर पाय जुळतील, रेडिओ बोलणार नाही.

मग मल्टिमीटर. आतल्या दोन्ही जोडांची दिशा पाहिली की पीएनपी की एनपीएन ते कळतं. फक्त काट्याच्या जुन्या मीटरमध्ये ओहमच्या पट्ट्यावर काळी तार धन असते, हे विसरायचं नाही. जोडावर साधारण ०.२ व्होल्ट दिसले तर जर्मेनियम, ०.६ च्या आसपास दिसले तर सिलिकॉन. ट्रान्झिस्टर पुरता जळला असेल, तर शेजाऱ्याला विचारायचं. एकाच वेळी जोडलेल्या रेडिओत दुसरा आयएफ ट्रान्झिस्टर बहुधा पहिल्याचाच भाऊबंद असतो.

जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन बसवता येतो, पण नुसता बदलून भागत नाही. त्याला जागं व्हायला बेसवर जास्त दाब लागतो, म्हणून तिथले रेझिस्टर बदलावे लागतात. आणि त्या पीएनपी रेडिओंत बऱ्याचदा बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, तेव्हा एनपीएन आणून खुपसणं म्हणजे कुऱ्हाडीवर पाय.

एएफ ११४ ते ११७ या घराण्याची कथा वेगळीच. रेडिओ कपाटात नुसता ठेवलेला असतो, कोणी हात लावत नाही, तरी बंद पडतो. या ट्रान्झिस्टरच्या डबीच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वर्षानुवर्षं वाढतात आणि आतल्या जोडणीला टेकतात. याला चार पाय असतात; चौथा फक्त डबीला जोडलेला. तो कापला की पुष्कळदा रेडिओ लगेच बोलू लागतो! पुढे आणखी तंतू टेकले की पुन्हा अडचण, म्हणून एएफ १२४ ते १२७ मिळाले तर मी तेच बसवतो. गुण तेच, डबी लहान.

पण मिळणं अवघड झालंय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जर्मेनियम मागितला, तर बहुधा एखाद्या जुन्या दुकानदारालाच माळ्यावरचा डबा आठवतो. त्यात गिटारवादकांची भर! १९६० च्या दशकातल्या फझ पेडलचा आवाज त्यांना जर्मेनियमशिवाय येत नाही, म्हणून ओसी ४४ आणि एसी १२८ चे भाव चढले. भाव चढले तसे खोटे आकडे छापलेले नगही बाजारात आले. पूर्वी नाव नसलेला ट्रान्झिस्टर संशयास्पद वाटायचा. आता ठळक, कोऱ्या छपाईचं नाव दिसलं की मी आधी मीटर काढतो.

काम झालं की मी एका चिठ्ठीवर कोणत्या जागी काय बसवलं, कोणता रेझिस्टर किती होता आणि किती केला, तारीख, एवढं लिहून ती झाकणाच्या आतून चिकटवतो. काढलेला ट्रान्झिस्टर कागदाच्या पुडीत बांधून रेडिओबरोबरच परत देतो.