प्लगपाना : डिकीतून हरवलेलं एक अवजार

आज आपण एका साध्या अवजाराचा इतिहास बघणार आहोत. जुन्या फियाटच्या डिकीत जॅक आणि स्टेपनीच्या शेजारी एक नळीसारखा पाना असायचा. आडवी सळई घालून तो फिरवायचा. हा प्लगपाना. आजच्या नव्या गाडीत तो सहसा मिळत नाही. तो तिथे का आला आणि का गेला, हे समजलं की आणखी एका प्रश्नाचं उत्तर सापडतं : पहिल्यांदाच बॉनेट उघडणाऱ्याने आज स्पार्क प्लग स्वतः बदलावेत का?

सुरुवात ठिणगीपासून करू. १८६० मध्ये एटिएन लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पण ती भरवशाची करायला पुढची चाळीस वर्षं गेली. १८८८ मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत उघडी पडलेली ठिणगीची तार त्यांनी मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली, असं सांगतात. म्हणजे बघा, लांबच्या पल्ल्याची पहिली चालक तीच पहिली मेकॅनिक. पुढे १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. मध्ये तार, भोवती विजेला अडवणारं चिनी मातीसारखं आवरण, बाहेर आट्यांचं लोखंडी अंग. प्लगची ही घडण आजही तीच आहे.

मग तो सारखा काढावा का लागायचा? कारण त्याचं टोक थेट आगीत असतं. कार्बुरेटरमधून जास्त पेट्रोल आलं की काजळी धरायची, झिजलेल्या रिंगांमधून ऑइल वर चढायचं. त्यात १९२३ पासून अमेरिकेत शिसं मिसळलेलं पेट्रोल विकायला आलं आणि त्याचाही थर प्लगवर बसू लागला. अशा थरातून वीज परस्पर निघून जाते, ठिणगी पडतच नाही. गॅरेजच्या भाषेत, ‘प्लग शॉर्ट झाला’, गाडी मिसिंग करायला लागली. म्हणून कारखानेच मालकाला पाना देत. फोर्डच्या मॉडेल टीसोबत मिळणाऱ्या हत्यारांतही प्लगचा पाना असे.

आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आधी फियाट, मग पद्मिनी निघाल्या. चार सिलिंडर, चार प्लग. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीचे प्लग इतके पसरले की कंपनीचं नाव घराघरात झालं. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळायची, त्यामुळे हातातली जपणं भागच होतं. प्लग काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, गॅप बघायची, परत बसवायचा. आणि मुख्य म्हणजे त्याचा चेहरा वाचायचा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन फार तापतंय. मालकाला इंजिनाच्या आत डोकवायची एवढीच खिडकी होती.

ही खिडकी कोणी मुद्दाम बंद केली नाही. कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसंविरहित पेट्रोल सुरू झालं. इरिडियम, प्लॅटिनमच्या टोकांचे काही प्लग लाखभर किलोमीटर टिकू लागले. काढायची गरज संपली, तसे प्लग खोल विहिरीत, कॉइलखाली आणि प्लास्टिकच्या झाकणाखाली गेले. गरजेबरोबर सवय गेली, आणि सवय गेल्यावर भीती आली. हे काम आपलं नव्हेच, असं वाटायला लागलं.

पण काम फारसं बदललेलं नाही. चार सिलिंडर ओळीत असलेल्या साध्या पेट्रोल गाडीत नवशिक्यालाही ते जमतं, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे खराब होतात. कॉइल काढली की आधी विहिरीतली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग बदला, म्हणजे जोडण्यांची अदलाबदल होत नाही. नवा प्लग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचाच घ्या. तो हातानेच, सहज फिरेल तिथपर्यंत बसवा. अडला तर जोर करू नका, उलटा फिरवून पुन्हा लावा. शेवटचं आवळणं पुस्तकातल्या मापाने, टॉर्क रेंचने. एकदा हेडचे आटे गेले की शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा खर्च येतो. भीती खरी आहे ती एवढीच.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिच्या डिकीतला पाना भंगारात गेला असेल, पण चेहरा वाचायची विद्या भंगारात जायला नको. स्वतः प्लग बदलायचा धीर होत नसेल तर निदान पुढच्या सर्व्हिसिंगला जुने प्लग परत मागून घ्या. कोणता कुठल्या सिलिंडरचा, ते विचारा. चारही उजेडात ओळीने मांडा आणि बघा. तीन तपकिरी आणि एक काळा निघाला, तर कुठे बघायचं ते बिल भरायच्या आधी आपल्याला कळलेलं असेल.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.