वाकलेली तबकडी, हललेला स्वर

संगीत रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण नाट्यसंहिता, जाहिराती, आत्मचरित्रे चाळतो. ध्वनिमुद्रिका मात्र पुरावा म्हणून क्वचितच हाती घेतो. घेतली, की पहिला प्रश्न अगदी गद्य असतो: तबकडी सपाट आहे का?

ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात मुद्रण सुरू केले. तबकड्या ठसवल्या जात त्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कलकत्त्याचा कारखाना १९०८चा. लाख, खनिजाची भुकटी आणि काजळी हे त्यांचे द्रव्य. (आपल्याच रानातली लाख परदेशी जाऊन गाणे होऊन परतावी, ही गंमतच.) लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून तिच्यावर ठसा उमटतो आणि म्हणूनच ती वाकते. नंतरचे व्हायनिलही त्याच स्वभावाचे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या घरांत माळ्यावर, वैशाखात तापणाऱ्या छपराखाली तिरप्या टेकवलेल्या तबकड्यांचे काय होत असेल, हे सांगायला नको.

उपाय घरगुती आहे. दोन जाड काचांमध्ये तबकडी ठेवून थोडा वेळ ऊन द्यायचे, मग सावलीत आणून काचांसकट, वर वजन ठेवून, सावकाश निवू द्यायची. धूळ आधी पुसली नाही तर तीही ठसते. लाखेची तबकडी थंड असताना हाताने दाबली तर तिचे तुकडेच होतात. व्हायनिल साठ-सत्तर अंशांपुढे गेले, तर बाक निघतो, पण खाचांच्या भिंतीही ढिल्या पडतात. आणि गाणे त्या भिंतींतच असते.

अभ्यासकाला खरी अडचण येते ती पुढे. मिनिटाला ७८ फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १.३. तबकडी वाकलेली असेल तर सुई प्रत्येक फेरीला चढते-उतरते आणि स्वर त्याच गतीने हेलकावतो. बालगंधर्वांच्या स्वरातील कंपाविषयी अशा तबकडीवरून लिहिणाऱ्याने तो हेलकावा आधी फेरीच्या कालाशी ताडून पाहावा. तो नेमका जुळला, तर त्याचे श्रेय गायकाला देऊ नये.

पाठचिकित्सक पोथीची दुमडलेली पाने उलगडण्याआधी नोंद करतो. तबकडीलाही तोच न्याय हवा, असे मला वाटते: उन्हात नेण्यापूर्वी ती, आहे तशी, संगणकावर उतरवून घ्यावी. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचे एकही मुद्रण मागे राहिले नाही. जे राहिले आहे ते प्रयोगासाठी वापरण्याइतके विपुल नाही. मध्यावरच्या कागदाजवळ कोरलेला क्रमांकही टिपून ठेवावा. उष्णतेने तो कागद सुटला, तर गाणे कोणाचे हे सांगणारा तेवढाच दुवा उरतो.