प्रेषितीय परंपरा व धर्मपदे : मराठवाड्यातील ख्रिस्ती संघ

येशू ख्रिस्ताने आपल्या प्रेषितांना सोपविलेला अधिकार त्यांनी हात ठेवून व प्रार्थना करून आपल्या वारसांना दिला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या अखंडपणे आजच्या बिशपांपर्यंत पोहोचला, या मतास ‘प्रेषितीय परंपरा’ असे म्हणतात. बिशप, धर्मगुरू व डीकन (सेवक) ही तीन दीक्षित पदे या मताशी निगडित आहेत. ख्रिस्ती पंथोपपंथांतील अनेक मतभेदांचे मूळ या पदांच्या वैधतेविषयीच्या वादात आहे. हा वाद यूरोपात उद्‌भवला असला, तरी त्याचे परिणाम मराठवाड्यातील लहानसहान मंडळ्यांनाही भोगावे लागले.

नव्या करारात ‘अध्यक्ष’, ‘वडील’ व ‘सेवक’ असे शब्द आढळतात. मात्र त्यांपैकी पहिले दोन अनेक ठिकाणी जवळजवळ समानार्थी आहेत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अँटिऑकचा बिशप इग्नेशिअस याच्या पत्रांत तिन्ही पदे स्पष्टपणे वेगळी झालेली दिसतात. इ. स. १८० च्या सुमारास आयरिनीअस याने रोमच्या बिशपांची क्रमवार यादी दिली. गुप्त ज्ञानाचा दावा करणाऱ्या पंथांना उत्तर देणे, हा तिचा हेतू होता; म्हणजे परंपरेचा पहिला उपयोग अधिकार गाजविण्यासाठी नसून शिकवणुकीची शुद्धता सिद्ध करण्यासाठी झाला. नव्या बिशपच्या अभिषेकास किमान तीन बिशप उपस्थित असावेत, असा नियम नायसीआच्या परिषदेने (३२५) घालून दिला. धर्मगुरूच्या वैयक्तिक दोषांमुळे त्याने केलेले संस्कार निष्फळ ठरत नाहीत, हा सिद्धांत पुढे सेंट ऑगस्टीनने मांडला.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीने हे चित्र पालटले. अँग्लिकन पंथाने बिशपपद राखले; प्रेस्बिटेरियनांनी वडीलमंडळाच्या हातून दीक्षा देण्याची पद्धत स्वीकारली; काँग्रिगेशनल पंथात स्थानिक मंडळीला महत्त्व आले. जॉन वेस्ली हा स्वतः बिशप नव्हता. तरीही १७८४ मध्ये त्याने अमेरिकेसाठी टॉमस कोक याची अधीक्षक म्हणून नेमणूक केली आणि तेथील मेथडिस्टांत ‘बिशप’ हे पद रूढ झाले. पोप तेरावा लिओ याने १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा सर्वथा शून्यवत असल्याचे घोषित केले. अशा रीतीने एकाच नावाचे पद धारण करणाऱ्या व्यक्तींचा अधिकार परस्परांस अमान्य झाला.

नांदेड व लातूर हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या राज्याच्या मराठी भागात व त्याच्या सीमेवर निरनिराळ्या मिशनांनी कामाची क्षेत्रे वाटून घेतली. परिणामी एखाद्या गावातील ख्रिस्ती कुटुंबाने कोणता पंथ स्वीकारावा, हे त्याच्या धर्मशास्त्रीय विचारापेक्षा जवळच्या मिशनवर अवलंबून राहिले. जालना येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी कार्य केले. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या शेषाद्रींना १८५४ मध्ये प्रेस्बिटेरियन पद्धतीने दीक्षा मिळाली होती. जालन्याजवळील ‘बेथेल’ ही वसाहत त्यांनी वसविली. औरंगाबाद येथे अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे काम चाले. दक्षिणेस बीदर हे अमेरिकन मेथडिस्टांचे मोठे केंद्र होते. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात मोडत.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचारवंतांनीही या प्रश्नाची भिन्न उत्तरे दिली. नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी अँग्लिकन परंपरेत १८७० मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली. याउलट कवी नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनपासून दूर होऊन १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. निजामाच्या राज्यातीलच दोर्नकल येथे १९१२ मध्ये व्ही. एस. अझरिया हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. परक्यांच्या हातून आलेली परंपरा देशी हाती सोपविण्याचा तो महत्त्वाचा टप्पा होता.

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. गावोगावची दैनंदिन प्रार्थना व शिक्षण बहुधा अदीक्षित उपदेशक चालवीत. परंतु प्रभुभोजनाचा विधी दीक्षित व्यक्तीवाचून होत नसे. ज्या पंथात दीक्षा देणारा बिशप दूरच्या शहरी राही, तेथे गावाला वाट पाहावी लागे. धर्मांतरित कुटुंबे मोठ्या प्रमाणावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होती. त्यामुळे पूर्वी देवळाच्या पायरीवरही ज्यांना मज्जाव होता, त्यांच्यातील व्यक्तीला वेदीजवळ उभे राहण्याचा अधिकार मिळणे, यास धार्मिक अर्थाबरोबरच सामाजिक अर्थही होता.

पंथभेदांवर उपाय म्हणून दक्षिण भारतात १९४७ मध्ये व उत्तर भारतात १९७० मध्ये संयुक्त संघ स्थापन झाले. दक्षिणेत विद्यमान पाळकांना जसेच्या तसे स्वीकारून पुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हातून द्याव्यात, असे ठरले. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या उत्तर भारतीय संघाने (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वेगळा मार्ग निवडला. अँग्लिकन बिशपांसह सर्व पाळकांवर परस्परांनी हात ठेवले आणि ज्याच्या ठायी जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशी प्रार्थना केली. ही पुनर्दीक्षा नव्हे, असेही स्पष्ट करण्यात आले. अमेरिकन मेथडिस्ट शाखा मात्र या एकीकरणात सामील झाली नाही. १९८१ मध्ये ती भारतीय मेथडिस्ट चर्च म्हणून स्वायत्त झाली. कॅथलिक संघाचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा करण्यात आला. नांदेड व लातूर हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. कॅथलिक संघ प्रॉटेस्टंट पंथांची दीक्षा वैध मानीत नसल्याने एकाच शहरातील दोन धर्मगुरूंना एका वेदीवर एकत्र विधी करता येत नाही.

संस्थापकानंतर अधिकार कोणाकडे जावा, हा प्रश्न या भागाला अपरिचित नाही. औसा येथील नाथ संस्थानात गादीची परंपरा आहे. नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून गुरुत्व ग्रंथाकडे सोपविले, अशी शिखांची श्रद्धा आहे. व्यक्तीकडून व्यक्तीकडे की ग्रंथाकडे, हा तेथे निवडला गेलेला पर्याय ख्रिस्ती धर्मातील वादाशीही जुळतो : कॅथलिक संघ ग्रंथाबरोबर हस्तपरंपरेवर भर देतो, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ प्रेषितांच्या शिकवणुकीशी असलेली निष्ठा हीच खरी परंपरा मानतात. मात्र ख्रिस्ती बिशपपद वंशपरंपरेने मिळत नाही आणि ते एकट्या पूर्वाधिकाऱ्याच्या इच्छेवरही अवलंबून नसते. अभिषेकासाठी इतर बिशपांची उपस्थिती व धर्मसंघाची मान्यता आवश्यक असते. अधिकार हा व्यक्तीची मालमत्ता नसून संघाने सोपविलेली ठेव आहे, ही कल्पना या नियमांमागे आहे.